दिवा धरणारा अल्बिन

लव्हाका परगण्यात रानडुकरांनी कुणाचे मक्याचे शेत उकरले, की दोन माणसांना बोलावणे जाई: व्हेन्सिल बार्टाला आणि अल्बिन क्रेनेकला. बंदूक व्हेन्सिलची, दिवा अल्बिनचा. वस्तुतः फोन येई तो व्हेन्सिललाच. परंतु ही गोष्ट अल्बिन कधी बोलून दाखवीत नसे.

अल्बिनची हयात शाळेची बस चालवण्यात गेली. त्याने आयुष्यात एकही डुक्कर मारले नव्हते आणि त्याची त्याला खंतही नव्हती. लाल काचेचा दिवा धरणे ही त्याच्या मते एक स्वतंत्र विद्या होती. झोत कळपावर एकदम टाकायचा नाही; तो आधी आभाळाकडे धरायचा, मग सावकाश खाली उतरवायचा, आणि उजेडाची नुसती कड कळपाला लागली की हात थांबवायचा. मग व्हेन्सिल कुजबुजे, "दिसलं." अल्बिन म्हणे, "मलाही." या एवढ्याशा बोलण्यावर त्यांची मैत्री तीस वर्षे उभी होती.

ईस्टरला व्हेन्सिलचा जावई ट्रॅव्हिस ह्यूस्टनहून आला आणि येताना बंदुकीवर थर्मल दुर्बीण चढवून आला. ही दुर्बीण जनावराच्या अंगची ऊब पाहते. तिला उजेड लागत नाही. सासरा-जावई दोघेच जाऊन तीन डुकरे मारून आले. आपल्याला कुणी बोलावले नाही, हे अल्बिनला कळले ते चर्चच्या हॉलमध्ये, पत्ते पिसताना, तेही तिसऱ्याच माणसाकडून. त्या दिवसापासून ट्रॅव्हिसचे बूट त्याला फार स्वच्छ वाटू लागले, आणि हसणे फार मोठे.

पुढे व्हेन्सिलनेही स्वतःची दुर्बीण घ्यायचे ठरवले आणि बर्नाडेटच्या बंदुकांच्या दुकानात सोबत चल म्हणाला. अल्बिनने मासिके चाळून पूर्वतयारी केली. त्यातून त्याला उमगले ते असे, की रात्रीच्या दुर्बिणी दोन जातींच्या असतात. एक थर्मल, दुसरीला दिवा लागतो, मात्र त्याचा प्रकाश माणसाच्या किंवा डुकराच्या डोळ्यांना दिसत नाही, दुर्बिणीलाच दिसतो. दिवा लागतो, एवढे वाचून त्याने मासिक मिटले.

"किती अंतरावरून मारता तुम्ही?" बर्नाडेटने विचारले.

"शंभर यार्डांच्या आतून," व्हेन्सिल म्हणाला. "त्यापलीकडे मला बैल आणि पाद्री सारखेच दिसतात."

"मग फार मोठं करून दाखवणारी नको. जवळचा कळप पळाला, तर नुसता एक कान दिसत राहील. उंच गवत असेल तर थर्मल बरी."

"थर्मलमध्ये सगळेच पांढरे डाग," अल्बिन मध्येच म्हणाला. "उद्या शेजारच्या नोव्हाकचं वासरू मारशील."

"लांबून तसं होऊ शकतं, मिस्टर अल्बिन."

"ट्रॅव्हिस म्हणतो, थर्मलच घ्या," व्हेन्सिल म्हणाला.

"जो माणूस सॉसेज भरलेल्या पावाला कोलाची म्हणतो, त्याचं तू ऐकणार? कोलाची म्हणजे गोड पाव, त्यात खसखस असते नाहीतर जर्दाळू. एवढं ज्याला कळत नाही, त्याला डुक्कर काय कळणार?"

"महिनाभर बघतोय, तुला वासरांचा फारच कळवळा आलाय."



बर्नाडेट दोघांना मागच्या बिनखिडक्यांच्या कोठारात घेऊन गेली. बंदूक रिकामी असल्याची तिने दोनदा खात्री केली, दुसऱ्या जातीची दुर्बीण तिच्यावर बसवली आणि नळीच्या कडेला अंगठ्याएवढी एक नळकांडी स्क्रूने आवळली.

"हे काय?" अल्बिनने विचारले.

"दिवा. बंदुकीवरच बसतो. माणूस एकटा जाऊ शकतो."

अल्बिन त्या नळकांडीकडे पाहत राहिला. इतके दिवस तो एका जावयावर जळत होता. आता त्याला अंगठ्याएवढ्या लोखंडाचा मत्सर वाटू लागला. व्हेन्सिलने त्याच्या चेहऱ्याकडे एकवार पाहिले, आणि वासरांच्या कळवळ्याचे मूळ त्याच्या ध्यानात आले.

"हा काढता येतो का, बर्नाडेट?"

"येतो. पण कशाला?"

"काढ तर." त्याने ती नळकांडी अल्बिनच्या हातात ठेवली. "हं. आभाळाकडून खाली."

व्हेन्सिलने दुर्बिणीला डोळा लावला आणि बर्नाडेटने कोठारातला दिवा मालवला. अल्बिनने हात छताकडे नेला आणि नेहमीच्या बेताने सावकाश खाली आणला. नळकांडीच्या तोंडाशी तेवढा विझत्या निखाऱ्यासारखा लालसर ठिपका दिसत होता. बाकी मिट्ट काळोख.

"दिसलं," व्हेन्सिल पुटपुटला. "समोरच्या खोक्यावरचं अक्षर न् अक्षर. हीच दे, बर्नाडेट."

म्हणजे अल्बिनचे म्हणणे राहिले होते आणि ट्रॅव्हिसचे पडले होते. तरीही अल्बिनला आनंद होईना. तीस वर्षे जे डुक्कर एकाला दिसले, ते दुसऱ्यालाही दिसले होते. आता उजेड त्याच्या हातून निघून व्हेन्सिलच्या एकट्याच्या डोळ्यात जात होता, आणि वाटेत त्याला काहीही देत नव्हता. त्या डोळ्याचा त्याला मनस्वी हेवा वाटला.

व्हेन्सिल मात्र नेहमीच्या शब्दाची वाट पाहत थांबला होता.

"मलाही," अल्बिन म्हणाला.

"खोटारडा," अंधारातून व्हेन्सिल म्हणाला. "जरा डावीकडे घे."

अल्बिनने हात डावीकडे घेतला.