लांब पळंल अशी गाडी

सुदामकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीच्या ऑफिसात बैठकीत होतो. त्यांची मुलगी प्रज्ञा बोलत होती. "दादा, बाबा गेले. सकाळी गाडी पुसताना छातीत कळ आली, पौडला पोचेपर्यंत..." समोरच्या पडद्यावर आमच्या नव्या विजेच्या गाडीचं चित्र होतं, लांबरुंद आणि महागडी. मी बाहेर येऊन जिन्यात बसलो. दीड महिना झाला या गोष्टीला. अजूनही त्यांची आठवण आली की आधी त्यांचा प्रश्न आठवतो आणि मी गोंधळतो.

आमची ओळखच फजितीतून झाली. मी गाड्यांच्या बॅटरीवर काम करणारा इंजिनिअर, आणि माझीच छोटी विजेची गाडी ताम्हिणीच्या वाटेवर चढाला बॅटरी संपून बंद पडली. काकांनी आपली डिझेलची जीप थांबवली, दोर बांधला आणि मला पौडपर्यंत ओढत आणलं. मी काय काम करतो ते कळल्यावर आधी पोट धरून हसले. मग एकदम गंभीर झाले. "तुमीच बनवता ना ही? मग लांब पळंल आन आमाला परवडंल अशी का बनवत न्हाई?"

त्यांना ते खरंच हवं होतं. धरणाकाठच्या वाड्यांमधले चार-पाच डायलिसिसचे पेशंट ते आठवड्यातून दोनदा पुण्याला नेत. डिझेल महागलं तरी भाडं वाढवत नसत. "आजारी मानसाला काय सांगायचं?" म्हणत. मधे चार्जिंगला तासभर थांबणं त्या थकलेल्या माणसांना झेपणारं नव्हतं. मी समजावायचो, की लांब पळायचं तर मोठी बॅटरी लागते आणि गाडीत सगळ्यात महाग तीच. मोठ्या गाडीच्या किमतीत ती खपून जाते, छोटीच्या नाही. शिवाय गाड्या खूप विकल्याशिवाय बॅटरी स्वस्त होत नाही आणि बॅटरी स्वस्त झाल्याशिवाय गाड्या खूप विकल्या जात नाहीत. काका शांतपणे ऐकायचे. "म्हंजी आदी कुनी हलायचं?"

मागच्या वर्षी कंपनीने काही चालकांना मतं विचारायला बोलावलं, तेव्हा मी काकांचं नाव दिलं. कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. सगळ्यांसमोर उभं राहून त्यांनी तोच प्रश्न विचारला. आमचे साहेब हसून म्हणाले, "काका, तशी गाडी काढली तर आमची मोठी गाडी कोण घेणार?" सगळे हसले. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागद चाळत राहिलो... परतताना पिरंगुटला चहा घेताना मी माफी मागितली, तर म्हणाले, "तुमचं चुकलं न्हाई. पर खरं कारन कुटलं? तुमी सांगता ते, का सायब बोलले ते?" दोन्ही खरी असावीत, असं मी म्हणालो. त्यांना ते पटलं नाही. मला तरी कुठे पटलं होतं?

पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. बुद्धवंदना झाली, माणसं जेवायला बसली. काकू मला घरामागे घेऊन गेल्या. जीप उभी करायच्या पत्र्याच्या शेडमध्ये, भिंतीवर कमरेइतक्या उंचीवर, जाड वायरीचा नवा प्लग पॉइंट होता. धूळ जाऊ नये म्हणून दुधाची पिशवी बांधलेली.

"हे कशाला?" मी विचारलं.

"बॅटरीच्या गाडीला. दिवाळीतच बशिवलं त्यांनी. तुमीच म्हनला व्हता ना, दोन वर्सांत यील म्हून?"

मी असं कधी म्हणालो होतो? खूप आठवून पाहिलं. कदाचित त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणालो असेन. कदाचित तेव्हा मला तसं खरंच वाटलं असेल... काकूंनी पिशवी सोडून बटण दाबलं. लाल दिवा लागला.

"चालू हाय," त्या म्हणाल्या. "ठिवू का काढू?"

"राहू द्या," मी म्हणालो, आणि हे तरी कशाच्या भरवशावर म्हणालो, ते मला अजून कळलेलं नाही.