किल्ली निगम सरांकडे असते

मुलीला कुठल्या विद्यापीठात घालायचं, हे तुम्ही एका हसऱ्या आवाजावर ठरवता का? ठरवता. मी पाहिलंय. चांगले शिकलेसवरलेले लोक मोबाइल कानाला लावून माना डोलावतात, "बघ, पोरंच बोलतायत, म्हणजे खरं असणार."

तो हसरा आवाज नेत्राचा. वडील बाबुराव, मूळ कराडकडचे, हवाई दलातून सार्जंट म्हणून निवृत्त. घर लखनौच्या वृंदावन योजना वसाहतीत, दोन खोल्या. बदल्यांपायी पोरीच्या पाच शाळा झाल्या. मराठी सगळी समजते, उत्तर हिंदीत. आई यमुनाबाई म्हणतात, "मी मराठीत रागावते, ही हिंदीत रुसते." २०१५ साली तिनं लखनौतल्याच एका खासगी विद्यापीठात बायोटेक घेतलं. त्याचं नाव लिहीत नाही, वकील नको म्हणतात.

दुसऱ्या वर्षी, एप्रिल महिन्यात, ॲडमिशन सेलच्या निगम सरांनी तिला पॉडकास्टला बसवलं. विद्यार्थ्यांच्या मनमोकळ्या गप्पा, नवीन पोरं ओढायला. मनमोकळ्या म्हणजे कागद निगम सरांचा. लॅबबद्दलचं एक वाक्य तिच्याकडून नऊ वेळा म्हणवून घेतलं.

"बेटा, ज़रा मुस्कुरा के."

"सर, आवाज़ में कहाँ दिखेगा?"

"दिखता है बेटा. दाख़िला उसी से होता है."

हॉस्टेलला पाणी नाही, दोन सर सोडून गेले, हे ती मध्येच बोलली ते सगळं कापलं. शिल्लक राहिली नुसती खिदळणारी पोरगी.

मग त्यांना हाव सुटली. इथं फौजेतली, संशोधन संस्थांतली मराठी घरं पुष्कळ. एक भाग मराठीतही हवा. कागदाचं मराठी करणारं कोणी नव्हतं. "तुम ही बोल दो, अपने हिसाब से," म्हणून निगम सर समोर चहा पीत बसले.

आणि पोरगी आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत बोलली. "आमच्याकडे लॅब आहे, पण किल्ली निगम सरांकडे असते. पेरेंट्स येतात त्या दिवशी खुलते. मायक्रोस्कोप सहा, चालतात दोन. तुम्ही याल ना, तर मंगळवारी न सांगता या." स्वर तोच, नऊ वेळा घोटून घेतलेला. स्वतःचं नाव ऐकून निगम सर खूश. "बड़ी मीठी भाषा है," म्हणाले आणि मागे सतार लावून फाइल साइटवर सोडून दिली.

तीन आठवडे ती फाइल मराठी घरांत मोबाइलवरून फिरली. मग एक मेजरसाहेब मंगळवारी न सांगता गेले आणि म्हणाले, "किल्ली द्या."

संध्याकाळपर्यंत फाइल साइटवरून गायब. पुढे नेत्राचा निकाल अडवला. नोटिशीला तिच्या मराठी बोलण्याचा हिंदी अनुवाद जोडलाय: म्हणे तिनं शिक्षकांना आईबहिणीवरून शिव्या दिल्या. अनुवाद कुणाचा? सही नाही. सात जुलैला, शुक्रवारी, शिस्त समिती बसणार. शिव्या खऱ्या ठरल्या तर नाव काढून टाकणार.

लखनौच्या महानगर भागात माझं फोटोकॉपीचं दुकान आहे, तिथंच मी विद्यार्थ्यांचे अर्ज लिहून देते. बापलेक तिथं आले. म्हटलं, मूळ फाइल काढ, पाच मिनिटांत तोंडं बंद करते त्यांची.

"मेरे पास नहीं है, ताई. माझी मराठी इतकी गंदी, मी ठेवलीच नाही."

"बाबुराव, तुमच्याकडे?"

ते चपलांकडे बघत म्हणाले, "होती. पुसली."

"का?"

"वरून चौकशी आली असती तर..."

बावीस वर्षं वर्दी घातलेला माणूस. मी नको ते बोलले त्यांना, आणि मागे घेणार नाही. नेत्राच म्हणाली, "रहने दो ताई, डर गए थे."

मेजरसाहेब फोन उचलत नाहीत. त्यांच्या मुलाला दुसरीकडे प्रवेश मिळाला. ज्या ज्या घरांनी ती फाइल ऐकून आपली पोरं वाचवली, ती आता म्हणतात, "आमच्याकडे नव्हती हो आली." निगमचा मला राग येतो. तुमची किळस येते.

तरी मागते. मे महिन्यातले फॉरवर्ड उघडा. तीन मिनिटं चाळीस सेकंद, आधी सतार, मग एक पोरगी म्हणते, "नमस्कार, मी नेत्रा." माझा नंबर तुमच्यातल्या निम्म्यांकडे आहे, अर्ज अडला की लावताच. तुमचं नाव कुणाला सांगणार नाही. ती फाइल शुक्रवारच्या आत मला पाठवा.