सरपंचीणबाईंचा पूल

पाटलाची बायको पाटलीण, मास्तरची मास्तरीण आणि सरपंचाची सरपंचीण. आमच्या गावाचं व्याकरण इतकं पक्कं आहे, की सरपंच म्हणून मी निवडून आले तरी ते तसूभर हललं नाही. सरपंच मी, पण गाव सरपंच म्हणतं आमच्या मालकांना आणि मला म्हणतं सरपंचीणबाई. सुरुवातीला मी लोकांना थांबवून समजावून सांगायचे, की बाबांनो, सरपंचीण म्हणजे सरपंचाची बायको, मी तर स्वतःच सरपंच आहे. समोरचा मान डोलवायचा. “बराबर हाय, सरपंचीणबाई,” म्हणायचा आणि पुढं जायचा.

गावाला महिला सुटली, म्हणजे सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं, त्या दिवशी आमच्या घरात सुतक आल्यासारखी शांतता होती. मालकांचा त्या खुर्चीवर किती वर्षांपासून डोळा! मग कोणीतरी म्हणालं, वहिनी बारावी शिकलेल्या आहेत की. लगेच सगळ्यांचे चेहरे उजळले. निकालाच्या दिवशी गुलाल मालकांच्या डोक्यावर पडला, हारही त्यांच्याच गळ्यात पडले. निवडून आलेली बाई आत गावासाठी चहा उकळत होती.

मला सरपंच म्हणणारी गावात एकच बाई होती, तांड्यावरची म्हातारी. सगळा तांडा तिला याडी म्हणतो, याडी म्हणजे आई. मीही तेच म्हणते. तांडा आमच्याच ग्रामपंचायतीत येतो, पण ओढ्याच्या पलीकडं. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की तिकडची माणसं तिकडं आणि इकडची इकडं. याडीची नात पाचवीत होती आणि शाळा गावात. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, पोरगी मात्र शाळेसाठी याडीजवळ राहायची. बाप कुरकुर करायला लागला होता. अर्धा पावसाळा शाळा बुडते तर पोरीला इथं ठेवायचं कशाला, फडावर धाकट्या भावाला तरी सांभाळेल, असं त्याचं म्हणणं. याडीला पोरगी शिकवायची होती. म्हणून तिला ओढ्यावर पूल पाहिजे होता. फार मोठा नाही, सिमेंटचे पाइप टाकून त्यावरून लेकरं चालत येतील एवढाच.

ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यावी असा नियम आहे. आमच्याकडं शिपाई घरोघरी फिरून अंगठे आणि सह्या गोळा करायचा, की झाली सभा. मी ग्रामसेवकाला म्हटलं, यंदा खरी सभा घ्यायची. तो माझ्याकडं असा बघत राहिला, जसं काही मी त्याची फटफटी मागितली. पण शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या पडल्या आणि बायका आल्या. बराच वेळ सगळ्या एकमेकींना कोपरानं ढोसत बसल्या. मग याडी उठली.

“सरपंच, माह्या नातीला वड्यावर पूल दे,” ती म्हणाली. “दुसरं काही मागत न्हाई.”

गावातल्या कितीतरी बायकांची शेतंही ओढ्यापलीकडंच. सगळ्यांनी हात वर केले. मी फार खूश झाले होते. त्या दिवशी घरी जाताना मी रस्त्याच्या कडेनं नाही, मधून चालले.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभा मारुतीच्या पारावर होती. पारावर बायका चढत नाहीत, म्हणून माझी खुर्ची खाली ठेवली होती. वर मालक बसले. मी उभी राहिले आणि पोरांची शाळा, बायकांची शेतं, तांड्यावरचं आजारपण, सगळं नीट मांडलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं, खोटं कशाला बोलू. मी खाली बसले तसा एक म्हातारा अगदी आदरानं म्हणाला, “सरपंचीणबाईनं लय चांगलं सांगितलं. आता सरपंचाचं काय म्हणणं हाय?”

कोणी हसलं नाही. हसले असते तर मी भांडले असते. पण म्हाताऱ्यानं चेष्टा केलीच नव्हती. तो खरोखरच सरपंच काय बोलतात याची वाट बघत होता, आणि सगळं गाव त्याच्याबरोबर वाट बघत होतं.

मालक खाकरले. “पुलाचं पाहू म्होरल्या खेपेला. आधी गावाला कमान पाह्यजे. आजूबाजूच्या समद्या गावांनी बांधल्या, आपलंच गाव काहून बोडकं?”

हात वर झाले. आदल्या दिवशी हात वर करणाऱ्या बायका लिंबाखाली पदर पुढं ओढून उभ्या होत्या आणि जमिनीकडं बघत होत्या. त्यांचा मला राग आला, अजूनही येतो. पदर माझ्याही डोक्यावर होता, हे नंतर लक्षात आलं.

ठरावावर सही करणार नाही, असं मी घरी सांगितलं. मालकांनी बोलणं सोडलं. सासूबाई शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “नाकापेक्षा मोती जड झाला बाई आमच्या घरी.” माहेराहून भाऊ आला. माझी बाजू घेईल वाटलं होतं. तो जेवला आणि मला शहाणपण शिकवून गेला. शेवटी मी सही केली.

कमान छान झाली. मालकांचं नाव मोठ्या अक्षरांत, पुढं सरपंच. माझंही नाव आहे, खाली, सौ. लावून. पावसाळ्यात ओढा भरला, याडीची नात शाळेत दिसेनाशी झाली. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या लोकांना न्यायला ट्रक आला. पोरगी भांड्यांच्या बोचक्यावर भावाला मांडीवर घेऊन बसली होती. ट्रक नव्या कमानीखालूनच गेला.

पुढच्या आठवड्यात याडी आमच्या दारात आली. मला बरं वाटलं, आणि भीतीही वाटली. शिव्या देईल तर देऊ दे, असा विचार करत मी पाणी घेऊन पुढं झाले. तिनं पाणी घेतलं. शिव्या दिल्या नाहीत.

“सरपंच घरी हायेत का?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, “याडी, मला सांग ना. काय काम होतं?”

“न्हाई बाई, तुह्यापाशी काम न्हाई.” माझ्या हातावर हात ठेवून, फार मायेनं बोलली ती. “पुलाचं बोलायचं हाय. धाकल्या लेकाची पोरगी आता शाळंत जाईन.”

“सरपंच बाहेर गेलेत,” मी म्हणाले.

“मंग बसते,” ती म्हणाली आणि ओट्यावर टेकली. मी चहा टाकायला आत गेले.