अक्का दाराआड होती

अक्का गेली तेव्हा शेजारच्या बायका एकसुरात म्हणाल्या, "सुटली बाई." मी मान हलवली. अशा वेळी मान हलवायची असते. पण मनात आलं, ती अडकली होती कशात, हे यांच्यातल्या एकीला तरी ठाऊक आहे का? … आता महिना उलटून गेला. नगरला सावेडीतल्या आमच्या घराची मागची, तिची खोली अजून आवरलेली नाही. सून केरसुणी घेऊन दारापर्यंत जाते आणि परत येते. मीही त्या दारावरून जाताना उगाच पदर सावरते. आत कुणी वडीलधारं बसलेलं असावं, तसा.

अक्का माझी थोरली जाऊ. मिरजगावच्या पलीकडे आमचं गाव. मी लग्न होऊन तिथं आले ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, दुष्काळात. नगरला मॅट्रिक झालेली, ट्रंकेत गृहशास्त्राचं पुस्तक आणि डोक्यात हवा. शाळेत प्रथमोपचाराचा वर्ग केला होता, त्यामुळे गावातली निम्मी दुखणी आपण सहज बरी करू, अशी माझी प्रामाणिक समजूत. घरात पाऊल टाकलं तर समोर बाजेवर आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई. ओट्यावरून पडून त्यांचा खुबा मोडला होता. हाडवैद्यानं पट्ट्या बांधल्या आणि मग हात टेकले. पडून पडून पाठीला जखमा झाल्या होत्या. मी मोठ्या ऐटीत पुढे होऊन बघितलं आणि जी पळाले ती थेट गोठ्यात. अक्का मागून आली, माझ्या तोंडावर पाणी मारलं, तेही त्या पाणीटंचाईत, आणि म्हणाली, "धाकटे, तुज्या त्या वर्गात वास न्हवता वाटतं शिकवला?" यावरून तिनं मला शेवटपर्यंत चिडवलं. माझी नात अजून हे ऐकून पोट धरून हसते.

सगळं गाव तेव्हा पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर जायचं. तिथं तंबूत एक डॉक्टर बसायचा, पण हजेरीपटावर नाव असेल त्यालाच औषध. आत्याबाईंचं नाव कुठून असणार? आणि त्यांना सोडून जाता येत नाही म्हणून अक्काचंही नव्हतं. उजाडल्यापासून ती एकटी त्यांच्या काखेत हात घालून उचलायची, कूस बदलायची, खालची फडकी काढायची, धुवायला पाणी नाही म्हणून राखेत घोळून उन्हात टाकायची आणि पुन्हा वाकायची. आत्याबाई हाडापेरानं दणकट. माझा हात लागला की त्या कळवळायच्या, म्हणून अक्का मला लांबच ठेवायची. मी एकदा शहाणपणानं विचारलं, "अक्का, तुम्ही का नाही जात कामावर?" तिनं कंबरेवर हात ठेवला. "मी कामावरच हाय की. हितं हजेरी घ्यायला कुनी न्हाई, येवडंच."

एक दिवस आत्याबाईंना ताप चढला, बरळायला लागल्या. अक्का म्हणाली, "तुला बोलता येतं. जा, आन त्या डाक्टरला." तंबूत जाऊन मी जे भाषण ठोकलं, ते आठवलं की आजही पदरात तोंड लपवावंसं वाटतं. "डॉक्टरसाहेब, वृद्धांची उपेक्षा करणारा समाज…" इथवर आले आणि समाजाचं पुढं काय होतं तेच विसरले. मग भोकाड पसरलं, "आमच्या आत्याबाई मरतायत हो!" डॉक्टर तरुण होता, भला होता. रांग संपल्यावर तो पिशवी उचलून माझ्यामागं निघाला.

डॉक्टर आल्याचं कळताच मामंजी, आमचे सासरे, चावडीवरून घरी येऊन बाजेशी बसले. त्यांच्यासमोर सुनांनी उभं राहायचं नाही, बोलायचं तर नाहीच, ही घराची रीत. आम्ही दोघी माजघराच्या दाराआड. डॉक्टरनं जखमा साफ केल्या, सुई टोचली. मग विचारलं, "यांचं सगळं कोण करतं?"

मामंजींनी मिशीवरून हात फिरवला. "आमीच करतो की."

"मग नीट बघा," म्हणून डॉक्टर दाखवू लागला. "पाठीतून वाकायचं नाही… गुडघ्यातून… एकट्यानं तर मुळीच नाही… हं, आता असं धरा." दाराच्या फटीत एकच डोळा मावत होता आणि तो माझा होता. मला दिसली डॉक्टरची पाठ आणि मनगटावरचं घड्याळ. घड्याळ फारच छान होतं! अक्कानं माझ्या दंडाला चिमटा काढला. "काय करतोय त्यो?"

"उचलतोय."

"कसं?"

"हातानं."

"मग पायानं उचलंल व्हय, येडे?" ती पदरात तोंड खुपसून हसली. बाजेशी मामंजी "व्हय, व्हय" म्हणत होते. डॉक्टर गेल्यावर तिनं, सासऱ्याला नव्हे, भिंतीला विचारावं तसं विचारलं, "डाक्टर काय म्हनला म्हनावं?" मामंजी जोडा घालत म्हणाले, "कूस बदला म्हनला." आणि चावडीकडे गेले.

ताप उतरला. दुष्काळ सरला, तलावात पाणी आलं, तरी आत्याबाई बाजेवरच होत्या आणि अक्का त्यांना काखेत हात घालून एकटीच उचलत होती. पुढं त्या गेल्या. अक्काची कंबर मात्र वाकली ती वाकलीच. तिचं अंग, म्हणजे गर्भाशय, खाली सरकून बाहेर येत होतं, म्हणून ती कधी सरळ मांडी घालून बसत नसे. मला हे कळलं कितीतरी वर्षांनी, न्हाणीत, तिच्या पाठीला साबण लावताना. बाजेवरच्या माणसासाठी निदान एकदा तरी डॉक्टर घरी आला. उचलणारीचं दुखणं दुखण्यात धरतंय कोण? तिनं सांगायचं तरी कुणाला? भिंतीला?

गेल्या वर्षी अक्का स्वतः आडवी झाली. गावाकडं अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या दारी आजही कुणी डॉक्टर फिरकत नाही. आम्ही आता सावेडीत राहतो; इथं फोन केला की नर्स येते, म्हणून तिला इकडं आणली. पहिल्याच दिवशी नर्सनं घडी घातलेली चादर अक्काच्या अंगाखाली सरकवली, माझ्या सुनेला पलीकडं उभं केलं, दोघींनी कडा मुठीत वळून धरल्या, गुडघे वाकवले… आणि अक्का अलगद कुशीवर. एक हुंकारही नाही. भिंतीकडं तोंड करून तिनं चादरीची कड चाचपली. मग म्हणाली, "धाकटे, त्या दिवशी डाक्टर ह्येच दावत हुता का गं?"

"असावं," मी म्हटलं.

"लई सोपं हाय की…" आणि ती हसली. ते हसू त्या खोलीतून अजून गेलेलं नाही. दुपारी घर निजलं की ऐकू येतं.

संध्याकाळी माझा मुलगा कचेरीतून आला आणि दारातूनच, "कशी आहेस, मोठी आई?" म्हणून वळला. बाजेवरून असा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. "आत ये! दारात कुनी हुबं ऱ्हायाचं न्हाई हितं. बायकूची माज्यावानी कमान करायचीय का? धर ती कड." पन्नाशीचा माणूस शाळकरी पोरासारखा आत आला. तेव्हापासून खिडकीकडची कड त्याची, दाराकडची सुनेची. अक्का झोपल्या झोपल्या ओरडायची, "पाठ न्हवं, गुडघं!" जाईपर्यंत तिच्या पाठीवर एक जखम झाली नाही, आणि सुनेची कंबर सरळ आहे.

परवा मुलगा घरी आला, हात धुतले आणि मागच्या खोलीत गेला. बाहेर येईना. मी जाऊन बघते तर रिकाम्या बाजेवर चादर तशीच, आणि हा खिडकीच्या बाजूला, गुडघ्यांत वाकून, कड मुठीत वळून उभा. मला बघून ओशाळला. "हात आपोआप गेले गं," म्हणाला. मी पलीकडं गेले, दुसरी कड धरली. माझे गुडघे आता वाकत नाहीत, तरी वाकवले.

"हं," तो म्हणाला.

अक्का बाजेवर असल्यासारखा जोर लावून आम्ही उचललं. वजन नव्हतंच… चादर फटकन वर आली, आमच्या तोंडापर्यंत, आणि तिच्याआड क्षणभर आम्हाला एकमेकांचे चेहरे दिसेनात.