तुडुमाची बुडी

भुताची गोष्ट एकाने सांगितली की बाकीचे गप्प बसतात. तलावाची सांगितली की प्रत्येकजण आपली काढतो. ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमाराला चामोर्शीकडच्या एका जुन्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, आमचं सिंचनाचं ऑफिस होतं. मी तिथे कारकून होतो. बदली होईपर्यंत माझ्याकडे पोतंभर किस्से जमले. आता सांगताना हसतो, पण मला त्या पाण्याची भीती वाटायची आणि आजही वाटते.

त्या पाण्यात खोल उतरणारा माणूस एकच, डोमाभाऊ. शेतात पाणी सोडायचं तलावाचं दगडी दार म्हणजे तुडुम. त्याची लाकडी खुंटी तळाशी असायची, बुडी मारून हातानेच काढावी लागायची. डोमाभाऊ घाबरले की गावाचा धान वाळलाच समजा. त्यामुळे पाण्यात काहीही दिसलं की आमच्या साहेबांना त्याचा खुलासा शोधावाच लागे.

*

साहेब पुण्याकडचे, नवे. एका सकाळी कपबशी घेऊन पाळीवर गेले आणि नुसती बशी घेऊन परत आले.

"पाच कुबडं आहेत, एकामागे एक. चाळीस फूट तरी जनावर असेल," म्हणाले आणि दार लावून घेतलं.

डोमाभाऊ बघून आले. "साहेब, पानमांजरं हायेत. माय समोर, चार पिल्लं मागं."

दार उघडलं. साहेबांची आंघोळ मात्र त्या दिवसापासून विहिरीवर!

*

उन्हाळ्यात पाणी उतरलं आणि भर दुपारी तलावाच्या मधोमध बैलाएवढं काहीतरी काळं, बुडबुडे काढत वर आलं. थोडा वेळ राहिलं आणि खाली गेलं. गुराख्यांनी गुरं तिकडे न्यायचं सोडलं.

साहेबांनी समजावलं, "जुनं खोड आहे. गाळात गॅस धरतो, तो खोडाला वर ढकलतो. गॅस सुटला की खोड बुडतं."

सगळ्यांना पटलं. फक्त डोमाभाऊंची बायको यमुनाबाई म्हणाल्या, "खोड हाये तं दरसाली जागा बदलवते काऊन?"

साहेबांनी चहा मागवला.

*

आमचा चौकीदार रामय्या सिरोंच्याचा. एकदा डोंग्यात गळ टाकून बसला होता, तर डोंगा वाऱ्याच्या उलट चालायला लागला. तलावाला दोन फेऱ्या झाल्या. रामय्या डोंग्यात पालथा पडून तेलुगूत आईला हाका मारत होता.

शेवटी मासा दमला. माणसाएवढा, मिशावाला. घरोघरी वाटे गेले. "सापडलं तुमचं जनावर," साहेब खूश.

डोमाभाऊंनी वाटा घेतला नाही. मी कारण विचारलं.

"बाबू, खाली ज्याच्या पाठीले माहा हात लागला होता, त्याले खवले होते. याले नाईत."



*

पाण्यात एक रंगवलेली पट्टी उभी होती. रोज सकाळी ती वाचून मी पातळी लिहायचो. एकदा पाऊस नसताना पाणी चार बोटं चढलं आणि दुपारी उतरलं.

"वाऱ्याने पाणी या काठाला लोटलं," साहेब म्हणाले. मीही शेऱ्यात 'वारा' लिहून मोकळा झालो. त्या दिवशी झाडाचं पान हललं नव्हतं.

*

त्या वर्षी हस्त कोरडा गेला. धान पोटरीत आलेला, आणि चार दिवसांत पाणी नाही मिळालं तर पीक गेलं. सकाळी दहाला सगळा गाव पाळीवर जमला.

बुडीची रीत ठरलेली. कमरेला दोर, आणि खालून दोन झटके आले की ओढायचं. डोमाभाऊंनी पाण्याला हात जोडले आणि ते खाली गेले.

झटका येईना. नेहमीचा वेळ उलटला. यमुनाबाई माझ्या शेजारी दोर धरून उभ्या होत्या.

मग दोन झटके आले. स्वच्छ, दोन.

आम्ही चौघांनी ओढायला सुरुवात केली. दोर इंच इंच येत होता. एवढा जड माणूस नसतो, हे मला कळत होतं, पण ओढत राहिलो. साहेबही येऊन दोराला लागले.

तेवढ्यात डावीकडे वीस हातांवर पाणी फुटलं आणि डोमाभाऊंचं डोकं वर आलं. ते धापा टाकत पायऱ्या चढले आणि आमच्याकडे बघत राहिले.

"खुंटी अजून निघाली नाई, पुन्हा जा लागन. दोर अडकत होता म्हनून म्या तो खालीच सोडला," ते म्हणाले. "तुमी कोनाले ओढून राह्यले?"