गव्हाणीतला हात

रिठदच्या आमच्या केशरकाकूकडे एकच गाय होती, आणि त्या गायीने ज्वारीचा दाणा कधी चाखला नव्हता. तिला मळणीतलं तुरीचं कुटार, डाळ भरडल्यावर उरलेली चुनी आणि तेल काढलेल्या सरकीची भिजवलेली ढेप मिळे. "ज्यानं माणसाचं पोट भरते ते ढोराले कायले चारता?" असं काकू सगळ्या गावाला विचारायची. बहात्तरच्या दुष्काळात गाव ज्वारीसाठी रांगेत उभं राहिलं, तेव्हापासून तर ती फारच कडक झाली.

चौऱ्याहत्तर साली ती लेकीसाठी घर पाहायला निघाली. लोक विहीर पाहतात, वावर पाहतात. काकू सरळ गोठ्यात शिरून गव्हाणीत कोपरापर्यंत हात घालायची. दोन घरी मुठीत ज्वारी आली, आणि चहाही न घेता तिने चपला घातल्या. मागून तिचे यजमान देवमनकाका माफी मागत यायचे.

तिसऱ्या घरी, जऊळक्याला, मुठीत कुटार आलं, चुनी आली, ढेप आली. काकू गव्हाणीपाशीच म्हणाली, "पक्कं."

काका हळूच म्हणाले, "अवं, पोरगा तं पाहू दे."

"आता त्यात काय पाहाचं राह्यलं?"

लग्नात जेवणं उरकली, आणि पाठवणीच्या वेळी दोघी विहिणी सापडेनात. शेवटी मांडवामागे दिसल्या. आहेरावरून रुसलेल्या विहिणी मी पुष्कळ पाहिल्या होत्या. या दोघी एकच पोतं दोन टोकांनी ओढत होत्या, आणि पोत्यात जेवणातल्या भाजीसाठी सोललेल्या कोहळ्याच्या साली होत्या.