हाडकाकाची गाठ

काकाच्या काखेत गाठ उठली, अंगात ताप होता, आणि आजीने घर सोडायची बोचकी बांधायला घेतली. ताप आणि काखेत गाठ म्हणजे प्लेग, हे तेव्हा नागावात शेंबड्या पोरालाही कळत होतं. शेजाऱ्यांनी आमच्याकडची वाट काट्या टाकून बंद केली. आणि काका अंथरुणात बसून हसत होता.

"मेल्या, मरायला टेकलास नि हसतोस?" आजी ओरडली.

"आये, गावात एक तरी उंदीर मेलाय काय? ही गाठ प्लेगची न्हाय. माझी हाय!"

हा माझा धाकटा काका. मुंबईच्या एका इस्पितळात एक्स-रेच्या मशीनवर होता. हाडांचे फोटो काढायचा म्हणून गाव त्याला हाडकाका म्हणे. त्याला आणि त्याच्या जोडीदाराला एकच खोड. मशीन नीट चाललंय का हे बघायला रोज सकाळी आधी आपलाच पंजा किरणांत धरायचे. हाडं स्वच्छ दिसली की मग रोगी आत. अशी बरीच वर्षं गेली. कातडी लाल झाली, नखं तडकली, मग अंगातली ताकदच गेली. डॉक्टरांनी दोघांचं रक्त तपासलं. रोगाशी लढणारे पांढरे कण संपत आले होते. ते जिथे तयार होतात त्या अंगातल्या गाठी, पोटातली पांथरी म्हणजे प्लीहा, हाडांतला मगज, सगळं किरणांनी सुकवलं होतं. मशीन सोडा, कदाचित ते पुन्हा भरून येईल, असं डॉक्टर म्हणाले. काकाने सोडलं. जोडीदार म्हणाला, बघू पुढे.

गावी आला तो थट्टा करतच. "मी म्हणजे खाडीचं खारं पाणी शिरलेलं भाताचं खाचर. दोन पावसाळे धुऊन जाऊ द्या, मग पिकेन." पाणी उकळून प्यायचा. शिंकणारा माणूस दिसला की माडाआड जायचा. मी तेव्हा चौथीत, शाळेचं शेवटचं वर्ष. रोज मला ओट्यावर बसवून हात वर करायचा.

"चाचप गं. काखेत काय लागतं?"

"काय बी न्हाय."

"मास्तरीणबाई, नीट बघा."

"न्हाय म्हटलं ना! घाम तेवढा हाय."

पहिल्या पावसाळ्यात त्याच्या पायात काटा गेला. आमच्या पायाला असं काही झालं की जांघेत अवधाण यायचं, गाठ सुजायची आणि चार दिवसांत बरं वाटायचं. त्याला अवधाण आलंच नाही. महिनाभर तापाने फणफणला, मरता मरता वाचला. "लढायला कोणी आलंच न्हाय," तो म्हणाला. तेवढं एक वाक्य तो न हसता बोलला.

दुसऱ्या वर्षी शिंगाळा मासा साफ करताना त्याचा काटा बोटात शिरला, आणि ही गाठ आली. त्याने मला हाक मारली. आजी "पोरीला शिवू नको" म्हणून किंचाळली. मी हात घातलाच. सुपारीएवढी होती.

"लागतं काय?"

"लागतं!"

त्याने मला आनंदाने उचललं. अंगात ताप, दोघंही आपटलो.

आजी तीन दिवस बोचक्यांवर बसून होती. चौथ्या दिवशी बोट पिकून फुटलं, ताप उतरला, गाठ बसली. आजीने त्याला शिव्या देत बोचकी सोडली.

पुढे किरणांनी जळलेली काकाची दोन बोटं कापावी लागली. उरलेल्या आठांनी तो म्हातारपणापर्यंत सुपाऱ्या सोलत होता. जोडीदाराने मशीन सोडलं नव्हतं. काकाला गाठ आली त्याच वर्षी पावसाळ्यात तो साध्या घशाच्या दुखण्याने गेला. दोघांतला हाडकाका जगला.